अंग उतरले, पण रूपाचे काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्याचे नाव अष्टौनिन्दितीय. शरीराच्या दृष्टीने आठ प्रकारची माणसे निंद्य होत, असे त्यात आरंभीच सांगितले आहे. अति उंच, अति ठेंगणा, अंगभर केस असलेला, मुळीच केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. पैकी पहिल्या सहांची आचार्य पुढे फारशी विचारपूस करीत नाहीत. बहुतेक सारा अध्याय शेवटच्या दोघांसाठी खर्ची पडला आहे. स्थूलाचे पोट, नितंब व स्तन कसे हलतात याचे वर्णन येते, आणि थोड्याच अंतरावर कृशाची वाळलेली मान, उघड्या पडलेल्या शिरा आणि कातडी व हाडे एवढेच उरलेले शरीर. हा अध्याय आपल्या शाळांतून कोणी शिकवीत नाही. तथापि आपल्या ओसरीवर तो नित्य म्हटला जातो, आणि तोही अर्थ न कळता. वैद्याने एखाद्या शरीरास निंद्य म्हणणे याचा अर्थ ते उपचारास पात्र आहे इतकाच असतो. शेजारणीने म्हणणे निराळे.

हे पाल्हाळ लावण्यास कारण एक पत्र. हट्टा येथील आमच्या पंचक्रोशीतीलच एका भगिनीने ते पाठविले आहे. वय एकेचाळीस, दोन मुलांची आई, घरात लहानथोर मिळून अकरा माणसे. वजन ११८ किलोपर्यंत गेले होते. मधुमेह जडला, गुडघे धरले, रात्री झोपेत श्वास अडकू लागला. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या जठरावर वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया झाली. आज वजन ७४ किलो आहे, साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत, माडीवर ती न थांबता चढून जाते. "देवाने इतके सारे दिले असता मी आरशापुढे उभी राहून रडते, हा कृतघ्नपणा नव्हे काय?" असा तिचा प्रश्न आहे. केस मूठमूठ गेले. पोटाखाली कातड्याची झोळी लोंबते, दंडाखाली तीच गत. चेहरा ओसरला. सासूबाई म्हणतात, "दुखणेकऱ्यासारखी दिसतेस". जाऊ म्हणते, "आधीच बरी होतीस". यजमान काहीच म्हणत नाहीत. हळदीकुंकवास जाणे तिने सोडले आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जणू सहज म्हणून, ती लिहिते की चार महिने झाले, तपासणीस जाणे व रोजच्या गोळ्या दोन्ही बंद केल्या आहेत. थोडा भात व गोडधोड वाढविले तर गाल भरतील असे वाटते.

या शेवटच्या वाक्यासाठी मी हे लिहावयास बसलो आहे. रूपाची काळजी ही क्षुल्लक गोष्ट म्हणून घराने झटकून टाकली, की ती अशी आडवाटेने आरोग्याच्या मुळाशी जाऊन पोचते.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडके. तिचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक चालतात. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्याची अरुंद नळी राहते. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोन्हींत अन्न थोडे पुरते. भुकेची आज्ञा देणारे जे स्राव शरीरात असतात त्यांतही पालट होतो, म्हणून केवळ निग्रहाने जे साधत नाही ते येथे साधते. पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत वजन उतरते व मग स्थिरावते. निवडीचे नियमही आहेत. उंचीशी वजनाचे प्रमाण पाहून, आणि मधुमेहादी व्याधी जमेस धरूनच डॉक्टर ती सुचवितात. ती हौसेची गोष्ट नव्हे.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी झाले ते नितीन गडकरी यांच्यामुळे. सप्टेंबर २०११ मध्ये, भारतीय जनता पक्षाचे ते अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत ती करवून घेतली आणि ती लपविली नाही. २०२२ साली उज्जैन येथील जाहीर सभेत तेथील खासदारांना वजन उतरविण्याचा आग्रह करताना त्यांनी आपलेच उदाहरण दिले. पूर्वी आपण १३५ किलोचे होतो, आता ९३ किलोचे आहोत, असे त्यांनी सांगितले. सभा हसली, कौतुकही झाले. पुरुषाचे वजन उतरले की तो पराक्रम ठरतो. तेच आमच्या पत्रलेखिकेने केले, तर तिच्या गालांची मोजदाद सुरू होते! पुरुषालाही सारेच सोपे जाते असे मात्र नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशातील एका स्थूल पोलीस निरीक्षकाचे छायाचित्र एका नामांकित लेखिकेने थट्टेखातर जगापुढे मांडले. १९९३ मध्ये झालेल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आपली प्रकृती बिघडून वजन वाढले, असे त्या बिचाऱ्याला देशभर सांगावे लागले. पुढे त्याच वर्षी मुंबईत त्यांच्यावरही हीच शस्त्रक्रिया झाली. खादाडपणाचा शिक्का मारावयास क्षण पुरतो. पुसावयास माणसाला आपली वैद्यकीय कागदपत्रे चव्हाट्यावर आणावी लागतात.

आता एकेक काळजी घेऊ, कारण त्या सर्व एका जातीच्या नाहीत. काही आपोआप जाणाऱ्या आहेत, काही जाणाऱ्या नाहीत, आणि दोहोंची गल्लत केल्यानेच पुष्कळ दुःख होते.

केस ही जाणारी काळजी. आपल्या डोक्यावरील बहुसंख्य केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, थोडे विश्रांतीच्या. मोठे दुखणे, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने उतरलेले वजन यांचा धक्का बसला म्हणजे एरवीपेक्षा पुष्कळच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोनतीन महिन्यांनी गळून पडतात. म्हणून ही गळती सामान्यतः तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लागते, बाई घाबरी होते, आणि घरात नवनव्या तेलांच्या बाटल्या येतात. मूळ शाबूत असते. वर्षभरात केस पुन्हा येतात. तेलाने नुकसान नाही, फायदाही नाही. मात्र वर्ष उलटूनही गळती थांबली नसेल तर ती निराळी गोष्ट समजावी. तेव्हा प्रथिने, लोह, जस्त यांची उणीव आहे काय, कंठग्रंथीचे काम बरोबर चालते काय, हे रक्त तपासूनच कळते. आमच्या पत्रलेखिकेला चौदा महिने झाले आणि गोळ्या बंद आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. जे केस परत यावयाचे त्यांची वाट तिने स्वतःच अडविली असण्याचा संभव आहे.

कातड्याचे तसे नाही. उशीतील कापूस काढला म्हणून अभ्रा लहान होत नाही. त्वचेत ताण धरणारे सूक्ष्म तंतू असतात. वर्षानुवर्षे ताणले गेल्यावर ते पूर्ववत आखडत नाहीत. वय कमी असेल, स्थूलता थोड्याच वर्षांची असेल, तंबाखू-विडीचा संबंध नसेल, तर थोडेबहुत आवरते. चाळिशीनंतर चाळीस-पन्नास किलो उतरल्यावर झोळी राहणारच. व्यायामाने खालचे स्नायू भरतात, पाठ ताठ होते, त्याने दिसणे सुधारते. पण वरचे कातडे व्यायामाने उडून जात नाही. चोळण्याची मलमे विकणारे याउलट सांगतात. त्यांचा तो धंदा आहे. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच रोग्याला व घरच्यांना स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. वर्तमानपत्रांतून 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडचित्रे छापतात, ती दोन्ही चित्रे कपडे नेसलेल्या माणसांची असतात, इतके ध्यानात ठेवले तरी पुष्कळ निराशा टळेल.

झोळीचा त्रास केवळ डोळ्यांना नसतो. घडीच्या आत घाम साठतो, कातडे भिजून सोलते, बुरशीचे चट्टे उठतात, खाज सुटते, दुर्गंधी येते. आणि लाजेने बाई ते कोणास दाखवीत नाही. रोज धुऊन, मऊ सुती कापडाने टिपून ती जागा कोरडी ठेवावी. घडीत सुती पट्टी ठेवता येते. पोटाला आधार देणारा घट्ट पट्टा वापरल्यास चालताना ओढ लागत नाही. आमचा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, त्याचा अभिमान मलाही आहे. परंतु भिजलेल्या घडीत हळदीचा लेप थापून ओल जात नाही, आणि खालचे चट्टे मात्र दिसेनासे होतात. डॉक्टरला दाखवावे.

चेहऱ्याविषयी. गालांवरील मेद जातो तेव्हा चेहरा काही काळ वयस्क दिसतो. वजन स्थिरावल्यावर व आहार पुरेसा झाल्यावर तो बराच सावरतो. दुसऱ्या वर्षानंतर दोनचार किलो वजन परत येणे हेही स्वाभाविक आहे. पण गाल भरण्यासाठी भात व गोडधोड वाढविणे हा उपाय नव्हे. मेद कोठे साठावा हे आपण शरीराला सांगू शकत नाही. तो प्रथम गालावर न येता पोटावर आला, आणि त्याच्या पाठोपाठ साखरही आली, तर काय मिळविले?

बंद केलेल्या गोळ्यांविषयी मात्र मला कठोर व्हावे लागेल. जठर लहान झाल्यावर, आणि आतड्याचा मार्ग बदलला असल्यास विशेषच, जीवनसत्त्व बी-१२, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व डी ही अन्नातून पुरेशी मिळत नाहीत. शाकाहारी घरात बी-१२ ची आधीच वानवा असते. त्याची उणीव वाढत गेली तर पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो, रक्त कमी होते. आणि मज्जातंतूंची हानी फार झाली तर ती पुरती भरून येत नाही. या गोळ्या बरे वाटेपर्यंत घ्यावयाच्या नाहीत, जन्मभर घ्यावयाच्या आहेत. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर एक आठवडाही वाट पाहू नये.

आता पंगतीकडे वळतो, कारण आपल्या घरांत प्रेम व्यक्त करण्याची जागा तीच आहे. "एकच पोळी घे," "माझी शपथ," हा आग्रह या रोग्याला सोसत नाही. एक घास अधिक झाला तरी उलटी होते. प्रथिने मात्र दिवसाला निदान साठ ग्रॅम जावी लागतात. घट्ट वरणाच्या वाटीत सहासात ग्रॅमच असतात, यावरून हे काम किती चिकाटीचे आहे ते दिसेल. म्हणून ताटात प्रथम पनीर, मूग-मटकीची उसळ, सोयाबीन, दही यांपैकी काही खावे, भात मागाहून, उरल्या जागेत. पाणी जेवताना नको. आधी वा नंतर अर्ध्या तासाच्या अंतराने, घोटाघोटाने. डॉक्टरांनी प्रथिनांची पूड सांगितली असेल तर तिला बाहेरची म्हणून नाक मुरडू नये.

उपवासांचा प्रश्न यातूनच निघतो. हरितालिकेचा निर्जळी उपास या बायांनी करू नये. साबुदाण्याच्या खिचडीने त्यांचे लहानसे जठर भरते आणि प्रथिनांच्या नावाने शून्य मिळते. शास्त्राची भीती घालणाऱ्यांनी महाभारताच्या उद्योगपर्वात पाहावे. पाणी, मुळे, फळे, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध ही आठ व्रताचा भंग करीत नाहीत, असे तेथे स्वच्छ सांगितले आहे. औषध त्यांत शेवटी असले तरी आहे.

मनाचा भाग याहून सूक्ष्म. वजन उतरून वर्ष झाले तरी पुष्कळांना आपण पूर्वीइतकेच लठ्ठ आहोत असे वाटत राहते. दारातून जाताना अंग चोरणे, बसण्यापूर्वी खुर्ची चाचपणे, दुकानात जुन्या मापाचा झगा मागणे हे चालूच असते. शरीर धावते आणि मनातील चित्र मागून चालत येते. शिवाय इतरांची वागणूक बदलते. काल न पाहणारे आज पाहतात, याचाही राग येऊ शकतो, आणि तो खोटा नसतो. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की या शस्त्रक्रियेनंतर अविवाहितांची लग्ने जुळण्याचे प्रमाण वाढले, आणि विवाहितांत घटस्फोटाचेही. आपला समाज निराळा आहे, हे खरे. पण नवराबायकोच्या नात्यात काही हलते, एवढे त्यावरून कळते, आणि न बोलणाऱ्या यजमानांनी ते वाचावे म्हणून मी येथे नोंदवितो. गप्प राहिल्याने आपण तिला दुखवीत नाही असे त्यांना वाटत असेल. ती त्या गप्पपणाचा अर्थ आरशाकडून विचारून घेते. खिन्नता फार वाढली, जीव नकोसा होतो अशी भाषा आली, तर मानसोपचारज्ञाकडे नेण्यास अनमान करू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या चांगल्या रुग्णालयांतून तशी सोय असते.

कर्कोटकाने दंश केल्यावर नळराजाचे रूप इतके बिघडले की बाहुक म्हणून तो ऋतुपर्णाकडे सारथी राहिला तरी कोणी ओळखले नाही. दमयंतीने त्याला ओळखले ते चेहऱ्यावरून नव्हे. तिने दासी पाठवून त्याची वागणूक न्याहाळली, त्याच्या हातचे अन्न मागवून चाखले, मुले त्याच्यापुढे नेऊन पाहिली. कथेत राजाचे रूप परत येते. पण ओळख त्याआधीच पटलेली असते. आमच्या पत्रलेखिकेच्या घरी अकरा माणसे आहेत. त्यांपैकी एकानेही "आज तू माडी चढलीस तेव्हा धाप लागली नाही" असे म्हटल्याचा तिच्या पत्रात उल्लेख नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. सैल कातडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असते. पोटाची, दंडांची, मांड्यांची, स्तनांची. घरातील वडीलधारे म्हणतात, एकदा पैसा ओतला, आता हा नट्टापट्टा कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुलुखात दोन शतकांपूर्वी दिले गेले आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाचे कातडे वळवून त्याला नवे नाक बसविले. ही क्रिया दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये तिचा सचित्र वृत्तान्त आला. पुढे युरोपने ती विद्या उचलली. नाकावाचून कावसजीचा श्वास थांबला नव्हता. हात तर कायमचाच गेला होता. तरी नाकासाठी तो सुरीखाली बसला, कारण चार माणसांत तोंड दाखविता येणे हेही जगणेच आहे. त्याला कोणी नट्टापट्टा म्हटले नाही. सुश्रुतानेही नासासंधानाचा विधी सांगितला तो नटांसाठी नव्हे.

म्हणून इच्छा धरण्यात कृतघ्नपणा नाही. मात्र घाई नको. वजन निदान काही महिने एका जागी स्थिर राहिले पाहिजे. सामान्यतः पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष जावे लागते. रक्त व प्रथिने पुरेशी नसतील तर जखम भरत नाही, म्हणजे बंद केलेल्या गोळ्यांचा हिशेब येथेही द्यावा लागतो. मूल व्हावयाचे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. आरोग्य विमा रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाही. परंतु घडीतील चट्टे व जखमा वारंवार होत असतील, आणि प्रकृतीस धोका आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले असेल, तर कंपनीला विचारून पाहावे. तपासण्यांचे कागद व चट्ट्यांची छायाचित्रे त्यासाठी जपून ठेवावीत. आणि ज्या बाईला हे काहीच करावयाचे नाही, झोळीसकट जी सुखाने नांदते, तिच्याही मागे कोणी लागू नये.

सल्ल्यास जाताना घरातील एक माणूस बरोबर असावे, शक्यतो यजमानच. प्रश्न आधी कागदावर लिहून न्यावेत. व्रण कोठे येईल, किती लांब, तो किती महिन्यांनी फिका पडेल. एका वेळी किती भागांवर शस्त्रक्रिया करणार. रक्त गोठणे, जखम उकलणे यांची शक्यता किती. एकंदर खर्च किती. कातड्याच्या मोबदल्यात व्रण मिळतो, हा सौदा पटतो की नाही ते तिनेच ठरवावे. पोटाची शस्त्रक्रिया झाल्यावर सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही. तेव्हा पाण्याची घागर, दळणाचा डबा आणि जावेचे धाकटे मूल कोण उचलणार, याची वाटणी घरात तारीख ठरण्याआधीच करून ठेवावी.